दोरु खोऱ्यातील द्राक्षारस

पोर्तुगालच्या दोरु खोऱ्यातील ‘पोर्ट’ हा द्राक्षारस आंबत असताना, साखर निम्मी उरली की त्यात द्राक्षांचाच कडक मद्यार्क ओततात. आंबणे थांबते, गोडी टिकते. मोठ्या पिंपांत तो लालभडक ‘रुबी’ राहतो, लहान पिंपांत वर्षानुवर्षे मुरून पिंगट ‘टॉनी’ होतो.

या खोऱ्याची सीमा पोंबालने १७५६ साली आखली आणि मक्तेदार कंपनी स्थापिली. रंगाच्या भेसळीसाठी वापरली जाणारी एल्डरबेरीची झाडे त्याने उपटविली, हे न्याय्यच. परंतु १७५७ साली पोर्तोच्या जनतेने मक्तेदारीविरुद्ध उठाव करताच त्याने अनेकांना फासावर चढविले. कंपनीचा द्राक्षारस मिस्साबलीसाठी अयोग्य आहे, अशी वार्ता पसरविल्याचा ठपका येशूसंघीयांवर आला. १७५९ साली त्यांना पोर्तुगालमधून हद्दपार करणारा तो हाच पोंबाल.