महाकेळ्याची कुळकथा

ऑस्ट्रेलियात सिडनीहून ब्रिस्बेनच्या वाटेवर कॉफ्स हार्बर हे गाव लागतं. तिथे पॅसिफिक हायवेच्या कडेला एक पिवळंधमक केळं आडवं पहुडलेलं आहे. १३ मीटर लांब, ५ मीटर उंच. आतून पोकळ, माणसं एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर पडतात.

या केळ्याचा जन्म एका विक्रेत्याच्या गरजेतून झाला. जॉन लँडी हे अमेरिकेत जन्मलेले कीटकशास्त्रज्ञ. रस्त्यालगत त्यांचा केळ्यांचा स्टॉल होता. भरधाव जाणाऱ्या गाड्या थांबवायच्या कशा? हवाईत डोल कंपनीच्या कारखान्यावर अननसाच्या आकाराची अवाढव्य टाकी होती. त्यावरून त्यांना सुचलं: आपण केळं उभारू.

आराखड्याचं काम ॲलन चॅपमन या इंजिनिअरकडे आलं. त्यांनी आधी बरीच केळी गोळा केली आणि त्यांतून बाक, जाडी, देठ अशा सगळ्या बाबतीत अस्सल दिसणारं एक निवडलं. मग त्याचे छोटे छोटे भाग पाडले आणि त्यांच्या मापांवरून पूर्ण आकाराचे नकाशे काढले. सप्टेंबर १९६४मध्ये बांधकाम सुरू झालं आणि २२ डिसेंबरला, नाताळच्या सुटीची गर्दी रस्त्यावर उतरताना, केळं खुलं झालं. पुढे गावोगावी अननस, मेंढा, झिंगा असं काय काय उभं राहिलं. अशा वस्तूंना तिथे ‘बिग थिंग्ज’ म्हणतात.

केळं इथेच का, याचं उत्तर मागच्या डोंगरउतारांवर आहे. १८८०च्या दशकापासून तिथे केळीची लागवड झाली. जवळच्या वूलगूल्गात पंजाबातून आलेली शीख कुटुंबं आधी या बागांमध्ये राबली, मग बागांची मालक झाली. पुढे उत्तर क्वीन्सलँडच्या उष्ण, पावसाळी सपाटीवर केळी जोमाने पिकू लागली आणि कॉफ्सचे तीव्र उतार मागे पडले. आज त्यांतल्या कित्येक उतारांवर ब्लूबेरी आहे.

तिथली केळी मुख्यतः कॅव्हेंडिश. आपल्या जळगावची बसराई आणि ग्रँड नैन त्याच कुळातली. खानदेशात केळी काढणाऱ्या माणसाला हे महाकेळं म्हणूनच परकं वाटणार नाही. घड कापला की झाडाचं काम संपतं, आणि बाजारात गेलेलं केळं चार दिवसांत काळं पडतं. इथे मात्र मापासाठी निवडलेल्या त्या एका केळ्याचा बाक साठ वर्षं टिकून आहे.