युरिया नेमका कोठें तयार होतो?

एका जुन्या उत्तरपत्रिकेपासून आरंभ करतों. 'शरीरांत युरिया कोठें तयार होतो?' या प्रश्नास एका विद्यार्थ्यानें 'मूत्रपिंडांत' असें उत्तर लिहिलें होतें. मीं तें तांबड्या शाईनें खोडलें, वर 'यकृतांत' असें लिहिलें व गुण कापला. निवृत्तीनंतर या विषयाचा इतिहास वाचूं लागलों, तेव्हां ध्यानांत आलें कीं, त्या मुलाचें उत्तर सर्वस्वी खोटें नव्हतें.

मूत्रांत सांपडणारें द्रव्य मूत्रपिंडांतच होत असणार, हा तर्क कोणासहि सुचेल. १८२८ सालीं वोलर या जर्मन रसायनज्ञांनीं प्रयोगशाळेंत युरिया बनविला, तेव्हां त्यांनीं आपले गुरु बर्झेलियस यांस कळविलें कीं, माणसाच्या वा कुत्र्याच्या मूत्रपिंडावांचून मला युरिया करतां येतो. गंमत अशी कीं, मूत्रपिंडाचा हा मान त्यापूर्वींच डळमळला होता. १८२१ सालीं प्रेव्हो व द्यूमा या दोघांनीं जिनीव्हा येथें जनावरांचीं मूत्रपिंडें काढून पाहिलीं. युरिया थांबला तर नाहींच, उलट रक्तांत सांचूं लागला. म्हणजे मूत्रपिंड हा कारखाना नसून केवळ दरवाजा ठरला. पुढें १८८२ सालीं श्रोडर यांनीं कुत्र्याच्या अलग काढलेल्या यकृतांतून अमोनियाचा क्षार मिसळलेलें रक्त खेळविलें, युरिया वाढला. मूत्रपिंडांतून खेळविलें; वाढला नाहीं.

परंतु अमोनियाचा युरिया होतो कसा, याचा उलगडा व्हावयास आणखी पन्नास वर्षें लागलीं. फ्रायबुर्ग येथें हान्स क्रेब्स व त्यांचे विद्यार्थी हेन्सेलाइट यांनीं उंदराच्या यकृताचे पातळ काप क्षारद्रवांत ठेवले व त्यांत निरनिराळीं अमिनो आम्लें घालून पाहिलीं. ऑर्निथिन घालतांच युरिया झपाट्यानें वाढला. आणि नवल हें कीं, ऑर्निथिन स्वतः खर्च होईना! आपल्याकडील विहिरीवरचें रहाटगाडगें डोळ्यांपुढें आणा. ऑर्निथिन हें रिकामें गाडगें. त्यांत अमोनिया व कार्बन डायॉक्साइड भरला कीं सिट्रुलिन होतें (हें द्रव्य कलिंगडाच्या रसांत सांपडलें, म्हणून त्यास कलिंगडाच्या लॅटिन नांवावरून हें नांव मिळालें). आणखी नायट्रोजन चढला कीं आर्जिनिन होतें. मग कोसेल व डेकिन यांनीं १९०४ सालीं शोधलेलें आर्जिनेज हें पाचकद्रव्य आर्जिनिन फोडून युरिया ओततें, आणि रिकामें ऑर्निथिन पुन्हां खालीं जातें. हा शोध १९३२ सालीं प्रसिद्ध झाला. पुढल्याच वर्षीं, १९३३ च्या एप्रिलांत, क्रेब्स ज्यू असल्यामुळें त्यांची नोकरी गेली व ते इंग्लंडांत केंब्रिजला गेले.

आतां मूत्रपिंडाकडे परत येऊं. १९४१ सालीं बोरसूक व डबनॉफ यांनीं दाखविलें कीं, मूत्रपिंडाचे काप सिट्रुलिनचें आर्जिनिन करतात. म्हणजे रहाटाचीं कांहीं गाडगीं येथेंहि आहेत. मात्र आरंभींचीं, अमोनिया भरून घेणारीं, नाहींत. अशा अर्धवट रहाटाचें काम काय? मूत्रपिंडांत सूक्ष्म नलिका असतात. उंदरांत त्यांच्या आरंभींच्या वळणदार भागांत आर्जिनिन बनतें, तर तें फोडणारें आर्जिनेज मुख्यतः पुढच्या सरळ भागांत असतें. दोहोंची जागा निराळी असल्यानें बहुतेक आर्जिनिन न फुटतां रक्तांत जातें व शरीराच्या उपयोगीं पडतें. ही मांडणी मला मोठी शहाणपणाची वाटते. विसाव्या शतकाच्या अखेरीस उंदराच्या नलिकांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखालीं वेगळे करून त्यांस आर्जिनिन देण्यांत आलें, तेव्हां सरळ भागानें व मूत्र गोळा करणाऱ्या नलिकांनीं युरिया दिला. यकृताच्या मानानें तो अत्यल्प खरा, पण तेथेंच झालेला.

तो विद्यार्थी आतां चाळिशींत असेल. ती उत्तरपत्रिका पुन्हां हातीं आली, तर रेघ न मारतां समासांत एवढेंच लिहीन: 'कोणत्या अमिनो आम्लापासून?'