पहाटे पहिला कोण उठतो?

लग्नघरात पहाटे सगळ्यांच्या आधी एक माणूस उठतो. बहुधा कुणीतरी मामा किंवा काका. तो बंबाखाली जाळ करतो, आचाऱ्याला हाक मारतो, मांडववाल्याला उठवतो, भटजींकडे कुणाला तरी पिटाळतो. पत्रिकेत त्याचं नाव शोधून सापडत नाही, पण तो आजारी पडला तर कार्याचा बोजवारा उडतो.

संगणकाच्या आतही असा एक कारभारी असतो. बटण दाबलं की प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, जागा होतो आणि एक प्रोग्रॅम सुरू करतो. त्याचा क्रमांक १. नेटवर्क, छपाई, टपाल, घड्याळ जुळवणं ही पुढची सगळी कामं हा पहिला प्रोग्रॅम किंवा त्याची लेकरं सुरू करतात. एखाद्या कामाचा जनक मध्येच संपला तर ते पोरकं काम सहसा या क्रमांक एकच्याच पदरात येतं. आणि हा स्वतः कोसळला तर लिनक्सचा कर्नल हात टेकतो, सगळं यंत्र जागच्या जागी थांबतं. हा कारभारी कसा असावा, यावरून २०१४ साली मुक्तस्रोत जगात असं भांडण झालं की वर्षानुवर्षं एकत्र राबलेली माणसं घर सोडून गेली. त्याची ही हकिकत.

सुरुवात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत होते. १९६९ साली केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स लिहायला घेतलं. १९७१ च्या त्याच्या पहिल्या पुस्तिकेत ‘इनिट’ हा प्रोग्रॅम आहे. त्याचं मुख्य काम साधं होतं: जोडलेल्या प्रत्येक टंकयंत्रापाशी एकेक दारवान उभा करायचा, म्हणजे माणूस बसला की त्याला नाव विचारता येईल. सुरुवातीला करायच्या कामांची यादी पुढे ‘आरसी’ नावाच्या एका फाइलीत लिहिली जाऊ लागली. हे नाव त्याहूनही जुनं, एमआयटीतल्या १९६० च्या दशकातल्या ‘रनकॉम’वरून आलेलं. संगणकवाले जुनी नावं सहसा टाकत नाहीत, आपल्या वाड्यांसारखी ती टिकतात.

१९८३ मध्ये एटी अँड टीचं ‘सिस्टीम फाइव्ह’ आलं आणि एका यादीच्या जागी अनेक छोट्या आज्ञापत्रिका आल्या. प्रत्येकीच्या नावात क्रमांक. लिनक्ससाठी हीच पद्धत मिकेल व्हान स्मूरेनबर्ग या डच प्रोग्रॅमरने नव्याने लिहिली. रेड हॅटच्या जुन्या लिनक्समध्ये नेटवर्कचा क्रमांक १०, सेंडमेल या टपालवाल्याचा ८०. म्हणजे आधी रस्ता, मग टपाल. संपादकाने फाइल उघडावी, वाचावी, क्रमांक बदलावा, झालं. ज्यांनी २००० च्या आसपास घरी लिनक्स लावून पाहिलं, त्यांना काळ्या पडद्यावर एकेक ओळ आणि तिच्यापुढे उमटणारा हिरवा ‘ओके’ आठवत असेल. नेटवर्क मिळालं नाही तर सेंडमेलपाशी गाडी अडायची. मागच्या सगळ्या सेवा रांगेत तिष्ठत, आणि आपण चहा करून आणायचा.

अडचण इथेच होती. कारभारी एकाला उठवून तो उठेपर्यंत दुसऱ्याकडे वळत नव्हता. शिवाय उठवलेली सेवा तासाभराने मरून पडली तरी त्याला सहसा पत्ता नसे.

तोडगे निघत गेले. ॲपलने २००५ मध्ये आपल्या प्रणालीत ‘लाँचडी’ आणला. २००६ च्या ऑक्टोबरात उबुंटूने स्कॉट जेम्स रेम्नंट याचा ‘अपस्टार्ट’ स्वीकारला. आणि ३० एप्रिल २०१० रोजी रेड हॅटमधल्या लेनार्ट पोटरिंगने ‘सिस्टीमडी’ची कल्पना जाहीर केली, सोबत के सीव्हर्स होता. लाँचडीकडून घेतलेली त्यातली युक्ती मला फार आवडते. घरात माणूस राहायला येण्याआधीच दारावर टपालपेटी लावून ठेवायची. पत्रं पेटीत पडून राहतील, माणूस आला की वाचेल. मग कुणी कुणासाठी थांबायला नको, सगळ्यांना एकदम उठवा! शिवाय कोणतं काम कोणत्या सेवेचं, याची पक्की नोंद. फेडोराने २०११ मध्येच ते स्वीकारलं.

विरोधकांचं म्हणणंही पोकळ नव्हतं. एका प्रोग्रॅमने एकच काम नीट करावं, ही युनिक्सची शिकवण. हा कारभारी मात्र नोंदवही लिहू लागला, लोकांना आत-बाहेर सोडू लागला, आणि ती नोंदवहीही साध्या अक्षरांत राहिली नाही. वाचता येणारी आज्ञापत्रिका गेली, ही खंत मला आजही रास्त वाटते. पण रात्री मेलेली सेवा आपोआप पुन्हा उठते, याचं मोल ज्याने रात्री जागून काढल्या त्याला विचारावं.

वाद पेटला तो डेबियनमध्ये. १९९३ पासून स्वयंसेवक चालवत असलेली ही प्रणाली. उबुंटू तिच्यातून निघाली, आपल्या सी-डॅकची ‘बॉस’देखील. त्यामुळे डेबियन ठरवेल ते दूरवर जाणार. आठ जणांच्या तांत्रिक समितीपुढे प्रश्न गेला. कित्येक आठवडे खल झाला आणि मतं पडली चार सिस्टीमडीला, चार अपस्टार्टला! ११ फेब्रुवारी २०१४ रोजी अध्यक्ष बडेल गार्बी यांच्या निर्णायक मताने सिस्टीमडी जिंकलं. तीनच दिवसांनी उबुंटूच्या मार्क शटलवर्थ यांनी हार मान्य करून आपणही तिकडेच येतो असं कळवलं.

डेबियनच्या घरात मात्र धग राहिली. ऑक्टोबरात पोटरिंगने जाहीरपणे लिहिलं की आपल्याला मारण्यासाठी पैसे गोळा करण्याची भाषा लोक करत आहेत. एका संगणकीय कारभाऱ्यापायी! नोव्हेंबरात १९९६ पासून डेबियनसाठी राबलेला जोई हेस बाहेर पडला. प्रकल्पाची घटना आणि निर्णय घेण्याची रीतच बिघडली, हे त्याचं दुखणं. त्याच महिन्यात समितीतल्या तिघांनी पद सोडलं, त्यात दोन्ही बाजूंचे होते. सिस्टीमडीची डेबियनमधली बांधणी सांभाळणाऱ्यांपैकीही एकाने काम सोडलं. सर्व सभासदांचं मतदान झालं तेव्हा कौल मोठा गमतीदार आला: असा ठराव करण्याची गरजच नाही. मला त्यात थकवा दिसतो.

नाराजांनी ‘देवुआन’ नावाची वेगळी चूल मांडली. तिची पहिली पक्की आवृत्ती २०१७ च्या मे महिन्यात आली. डिसेंबर २०१९ मध्ये डेबियनने पुन्हा मत घेतलं: सिस्टीमडी मुख्य, पर्याय धुंडाळणाऱ्यांना मोकळीक. फ्रीबीएसडीने आरसी पत्रिकांचीच वाट धरून ठेवली.

आजच्या डेबियनवरही जुन्या जागी ‘इनिट’ हे नाव दिसतं. पण ती नुसती पाटी आहे. तिच्या मागे गेलात की सिस्टीमडीच्या दारात पोहोचता.