बंदुकीची गवसणी

पोथीला बासन, तंबोऱ्याला गवसणी, तलवारीला म्यान; मोलाच्या प्रत्येक वस्तूला तिचे तिचे वस्त्र आपल्या पूर्वजांनी नेमून दिले होते. ठासणीच्या बंदुकीलाही गवसणीच असे. आज आकाशाला गवसणी घालणारे पुष्कळ भेटतात. बंदुकीला ती कशी घालावी हे जाणणारा विरळा. हा विषय माझ्यापुढे आला तो इतिहासाच्या आवडीमुळे नव्हे, वकिलीमुळे.

भरवेलीचे एक वृद्ध गृहस्थ एके दिवशी माझ्या बैठकीत आले. घरात आजोबांपासून चालत आलेली ठासणीची बंदूक. दरसाल खंडेनवमीस तिला गंधफूल वाहावयाचे आणि पुन्हा माळ्यावर ठेवावयाचे, एवढाच तिचा उपयोग. आता परवाना गोव्यात स्थायिक झालेल्या धाकट्या बंधूंच्या नावे करून बंदूक तिकडे धाडावयाची होती. "वकीलसाहेब, कागद तुम्ही पाहा, पेटी मात्र कशी करवू तेवढे सांगा," असे ते म्हणाले. मी विचारले, "बंदूक भरलेली तर नाही ना?" ते हसले. "छे हो! वडिलांच्या पाठीमागे तिला कोणी हात लावलेला नाही."

नेमक्या याच उत्तराने माझ्या मनात भीती उत्पन्न झाली. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी तोंडाकडून घालून गजाने ठासतात. ती भरलेली आहे की रिकामी, हे बाहेरून कोणालाही दिसत नाही. पाहण्याची रीत एकच. गज नळीत टेकेपर्यंत सोडावा, तोंडाशी खूण करावी आणि मग तोच गज नळीच्या बाहेरून लावून पाहावा. आम्ही तसे केले. गज काना असतो त्या जागेपासून चार बोटे अलीकडे थांबला होता. वडिलांनी भरलेला बार तसाच आत होता, आणि दरसाल नवमीस घरातली मुले त्याच नळीला फुले वाहात होती! काळी दारू कोरडी राहिली तर वर्षांनी निर्जीव होत नाही. परवानाधारक कारागीर बोलावून, नळीत पाणी सोडून तो बार बाहेर काढविला, तेव्हा कोठे पेटीची गोष्ट निघाली.

जुन्या लोकांना ही धास्ती पक्की ठाऊक होती. तोडेदार बंदूक म्हणजे एका हाती जळती जामगी आणि दुसऱ्या हाती दारू. म्हणून बंदूक गवसणीत, दारू शिंगड्यात आणि जामगी निराळी, असा प्रघात पडला. दुसरा शत्रू ओल. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लिहिलेल्या आज्ञापत्रात दुर्गप्रकरणी दारूखान्याविषयी जी काळजी वाहिली आहे ती वाचण्यासारखी आहे. दारूखाना राहत्या घरापासून दूर असावा, त्यास सर्दी लागू देऊ नये, आठ-पंधरा दिवसांनी दारू व बाण बाहेर काढून ऊन द्यावे आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावे, असे त्यांचे सांगणे आहे. भिजलेल्या जामगीने लढाई होत नाही. दसऱ्यास सीमोल्लंघन करण्यामागे नद्यांचे पूर आणि घोड्यांची वैरण ही कारणे होतीच. त्यांच्या जोडीस हेही एक धरावयास हरकत नाही. २३ जून १७५७ रोजी प्लासीच्या रणांगणावर पाऊस कोसळला, तेव्हा इंग्रजांनी आपला दारूगोळा ताडपत्र्यांखाली झाकला आणि नबाबाच्या तोफखान्याची दारू भिजली. त्या दिवसाच्या निकालास फितुरी मुख्यत्वेकरून कारण झाली, हे खरे. तथापि ताडपत्रीचा वाटाही लहान नव्हता.

पुढे १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड रायफल आली. तीही ठासणीचीच, लांबीने पंचावन्न इंच. तिच्या काडतुसाने १८५७ साली काय घडविले ते सर्वश्रुत आहे. त्यानंतर सरकारने हिंदी शिपायांच्या हाती आट्यांविना साध्या नळीच्या बंदुका दिल्या, आणि १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने सामान्य माणसाच्या घरातील बंदूक परवान्यावाचून गुन्हा ठरली. स्वतंत्र भारताचा १९५९ चा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आहे. त्याच्या ४५ व्या कलमात जुन्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या हत्यारांस सूट आहे, असे पुष्कळांना वाटते. ती सूट अर्धीच वाचलेली असते. दुरुस्त करूनही जे चालणार नाही, अशाच हत्यारास ती लागू आहे. नळी शाबूत असेल तर आजोबांची बंदूक ही कायद्याच्या दृष्टीने बंदूकच. मग तिला कितीही फुले वाहिलेली असोत. परवान्यात जेवढे क्षेत्र लिहिले असेल तेवढ्यातच ती न्यावी. दारू तर उतारूंच्या रेल्वेगाडीत चोरून नेऊच नये. १९८९ च्या रेल्वे कायद्यात त्यास तुरुंगाची शिक्षा आहे.

आता पेटी. आमच्या गृहस्थांच्या मनात चामड्याची सुंदर गवसणी होती. मी ती मोडून काढली. चामडे ओल धरते आणि कमावताना त्यात राहिलेले क्षार लोखंडास खातात. प्रवासापुरते ठीक, परंतु वर्षभर, तेही गोव्याच्या खाऱ्या हवेत, नव्हे. साहेबी पेट्या ओकच्या असत, पण त्या लाकडाची आम्ल वाफही लोखंडास बाधते. आपला जुना, वाळलेला सागवान बरा. बंदुकीच्या मानेपाशी, जेथे दस्ता बारीक होतो, तेथे भार येऊ नये. टेकू दोन द्यावे, एक नळीखाली आणि एक दस्त्याच्या रुंद भागाखाली. अस्तर सुती असावे, काढून धुता येईल असे. बार उडविलेला असेल तर नळी आधी पाण्याने धुवून, वाळवून, तेल पुसून मगच ठेवावी, कारण दारूची काजळी हवेतील ओल ओढून घेते. दारूसाठी पेटीत कप्पा करूच नये. सुताराने हौसेने शिंगड्यासाठी एक खण कोरला होता. तो लाकडाची पट्टी मारून बुजविला.

त्या गृहस्थांना हे शेवटचे पटेना. शिंगडे व बंदूक ही जोडी आहे, ती फोडावी कशी, असे ते म्हणू लागले. मग त्यांच्या नातवानेच त्यांना समजाविले. तो भरवेलीच्या मॅंगनीज खाणीत कामाला आहे. भुयारात सुरुंगाची दारू एका पेटीत आणि डिटोनेटर दुसऱ्या पेटीत, दोन्हींना कुलपे, असा तेथे नियम आहे. दोन्ही एकत्र दिसली तर कामावरून घरी पाठवितात, असे त्याने सांगितले. आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत.

पेटीस चार दिवस लागले, कागदांस चार महिने. बंदूक गोव्यास पोचली. शिंगडे धुवून, रिकामे करून देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवले आहे. भरवेलीस आता नवमीस त्याचीच पूजा होते.