कुकर, खाणावळ आणि रविवारची चौदा पानं

१२ एप्रिल १६८२ रोजी लंडनमध्ये रॉयल सोसायटीच्या काही सभासदांनी एकत्र जेवण घेतलं. जॉन एव्हलिन हे त्यांतले एक, आणि त्यांच्या रोजनिशीत त्याची हकिकत आहे. देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने सगळं जेवण स्वतः तयार केलेल्या घट्ट झाकणाच्या भांड्यांत शिजवलं होतं. बैलाची आणि मेंढीची हाडंसुद्धा चीजसारखी मऊ झाली, आणि कोळसा लागला पाव किलोहूनही कमी. भांडं फुटू नये म्हणून पापँनेच त्याला वजनाचा सेफ्टी व्हॉल्व्ह बसवला होता. आपल्या कुकरची शिट्टी ही त्या व्हॉल्व्हची खापरपणती म्हणायला हरकत नाही.

पोटापाण्यासाठी मी सॉफ्टवेअर लिहिते, पण डॉक्टरेट केली ती उष्णतावहनात. त्यामुळे ही गोष्ट मला प्रिय आहे, आणि आम्ही डेन्व्हरला राहत असल्यामुळे जरा जास्तच. समुद्रसपाटीपासून १६०० मीटरवर पाणी ९५ अंशांना उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजायची वाट बघत बसलं तर जेवायला आलेली मंडळी झोपायची वेळ होते. कुकरमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा १५ पौंड जास्त दाब मिळतो. मुंबईत त्यामुळे तापमान १२१ अंशांपर्यंत जातं, आमच्याकडे साधारण ११८. डाळीला तेवढं पुरतं.

पापँच्या भांड्याला स्वयंपाकघरात स्थिरावायला अडीचशे वर्षं लागली. आपल्याकडे आधी आला तो वाफेचा कुकर. कलकत्त्याचे डॉक्टर इंदुमाधव मल्लिक यांनी १९१०मध्ये 'इक्मिक कुकर' काढला. खाली कोळशाची शेगडी, वर एकावर एक डबे, त्यांत भात, डाळ, भाजी. सकाळी लावून ठेवायचं आणि कामावरून आल्यावर जेवायचं. त्यात दाब नव्हता, पण 'एक आच आणि तीन पदार्थ' ही मुख्य कल्पना होती. माझ्या मते घरगुती अभियांत्रिकीत भारताने जगाला दिलेली ही सर्वांत मोठी देणगी आहे. अमेरिकन बाई कुकरमध्ये एक पदार्थ शिजवते. आपण त्यात डबे लावतो.

मग आलं १९५९ साल. मुंबईत हॉकिन्स कंपनी सुरू झाली ती त्या वर्षी. गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला तोही त्याच वर्षी. म्हणजे डाळभात आणि पापड, दोन्हींची सोय एकदमच झाली! १९७०मध्ये कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' आलं. त्याचं खरं मोल मला मापांत वाटतं. वाटी आणि चमचा ही मापं घेऊन बसलं की चार माणसांचं चौदा माणसांसाठी करता येतं. आईच्या 'अंदाजाने'ला साडेतीनाने गुणता येत नाही. (२०१०मध्ये इन्स्टंट पॉट बाजारात आणणारे कॅनडाचे रॉबर्ट वँग हेही कंप्यूटर सायन्समधले डॉक्टरेट. आमच्या जमातीने निदान एवढं तरी भलं काम केलं.)

इतकी साधनं झाल्यावर घरच्या बाईचं काम कमी व्हायला हवं होतं. रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३मध्ये 'मोअर वर्क फॉर मदर' या पुस्तकात नेमका हाच प्रश्न विचारला. त्यांचं म्हणणं असं की यंत्राने मेहनत वाचली, पण सोबत अपेक्षाही वाढल्या. पूर्वी जे काम पुरुष, मुलं किंवा नोकर करत, तेही एकट्या बाईकडे आलं. त्यांचा सगळा पुरावा अमेरिकेतला आहे. पण मंडळी, आपल्यापैकी कोणाच्याही घरातल्या रविवारच्या जेवणाकडे बघा. कुकरने वाचवलेल्या तासात आपण काय केलं? आणखी एक भाजी केली.

आम्ही तीन घरं, एकमेकांपासून वीस मिनिटांवर. गेली अकरा वर्षं दर रविवारी चौदा पानं होतात. सासूबाई अठ्ठ्याहत्तरच्या आहेत. नातवंडांशी त्यांचं पोटभर मराठी बोलणं होतं ते याच एका संध्याकाळी. सुरुवातीला वरण, भात, एक भाजी आणि पोळ्या असत. मग उसळ आली, मग मसालेभात, मग 'मुलांसाठी' पास्ता, मग गोड. गेल्या वर्षी मोठ्या जाऊबाईंनी शांतपणे सांगितलं की हे महिन्यातून एकदाच करू, मला झेपत नाही. त्यांची हॉस्पिटलातली बारा तासांची ड्यूटी शनिवारी रात्री संपते. त्यांचं म्हणणं खरंच होतं. पण महिन्यातून एकदा म्हणजे वर्षातून बारा वेळा, आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी हा हिशोब नुसता बावन्न भागिले बारा असा होत नाही.

घरात यावर बोलणं निघालं की हमखास वाड्यातल्या पंगती आठवल्या जातात. डावी बाजू, उजवी बाजू, केळीचं पान, आग्रह. पण त्या पंगतीमागे कोण होतं? कार्याला आचारी असत. एरवी घरात सोवळ्यात राबणाऱ्या चार-सहा बायका असत, आणि त्यांत बहुधा एखादी विधवा आत्या किंवा मावशी, जिला नाही म्हणायची सोयच नव्हती. रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१०मध्ये प्रसिद्ध झाल्या. घरातल्या बायकांच्या माणसांनी भरलेल्या जगाची कल्पना त्यावरून येते. आणि पंगतीचं जेवण हे सणाचं आणि कार्याचं होतं. रोजचं जेवण म्हणजे आमटीभात, पिठलंभाकरी. आपण सणाचं पान उचलून दर रविवारावर ठेवलं आणि हात मात्र दोनच उरले.

दर दिवशी पुष्कळ माणसांना जेवू घालण्याचं खरं शास्त्र वाड्यात नव्हतं, गिरणगावात होतं. कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार बायकामुलं गावी ठेवून राहत आणि खाणावळीत जेवत. खाणावळ म्हणजे चाळीतली एक खोली, एक बाई, आणि दोन्ही वेळची जेवणं, गिरणीच्या पाळ्यांना धरून. पोळी किंवा भाकरी, एक भाजी, आमटी, भात. ज्या बाईला महिन्याच्या ठरलेल्या पैशांत एवढी पोटं भरायची आहेत, तिला रोज 'आज काय करू?' असा विचार करत बसणं परवडत नाही. या बायका किराण्यासाठी सावकाराच्या व्याजात अडकलेल्या असत. प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जं मिळवून दिली. १९८२च्या संपात कामगार गावी परतले तेव्हा खाणावळींचाही कणा मोडला. हा इतिहास आपण गिरण्यांचा म्हणून वाचतो. तो स्वयंपाकाचाही आहे.

आम्ही खाणावळीकडून एवढंच घेतलं की बेत आधी ठरलेला असावा. चार रविवार, चार बेत: खिचडी-कढी, पिठलं-भात, छोले आणि विकतचे नान, आणि वरणभात-बटाटा. महिन्यात पाचवा रविवार आला तर बाहेरून पिझ्झा. वर एक कोशिंबीर, ती मुलं चिरतात. ज्या घरी जेवण असेल त्या घरच्यांनी भांड्यांना हात लावायचा नाही. चौदा जणांच्या खिचडीला सहा वाट्या तांदूळ, तीन वाट्या मूगडाळ आणि सत्तावीस वाट्या पाणी लागतं. डाळतांदूळ फेसाळतात म्हणून कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नसतो. त्यामुळे दहा लिटरच्या एका कुकरात हे बसत नाही, दोन लावावे लागतात. दुसरा कुकर दीर घेऊन येतात आणि शिट्ट्याही तेच मोजतात.

पहिल्या महिन्यात सासूबाई दर रविवारी 'एकच भाजी?' असं विचारत. आता विचारत नाहीत. धाकट्या नातवाला जवळ बसवून त्याच्याकडून पापड भाजून घेतात आणि त्याच्या मराठीतल्या चुका काढतात. या वर्षी दिवाळीतला रविवार खिचडीचा निघाला आहे. जाऊबाई म्हणतात, ठरलं ते ठरलं. सासूबाईंनी अनारशांचं पीठ करायला तांदूळ भिजत घातले आहेत.