बोट लागलेलं सैन्य

झोपलात? मग दचकून उठा. छपरावरून एक विमान घरघरत गेलंय, आणि मे महिन्यातल्या अशा पहाटे आइसलँडमधल्या रेक्याविकमध्ये एवढा आवाज करणारं काहीच नसतं. खिडकी उघडताच थंडी नाकातून थेट कपाळात शिरते. पाठोपाठ घराघरातल्या कोळशाचा धूर, आणि धुराखाली मासळी. या गावात मासळीचा वास आला म्हणून कुणी नाक मुरडत नाही. तो आला नाही तर काळजी करतात.

बूट चढवा, धक्क्यावर पळा. बघे आधीच जमलेत. कुणाच्या खांद्यावर नुसतीच गोधडी. बंदरात युद्धनौका. जर्मनांच्या की इंग्रजांच्या? शेजारचे आजोबा पैजेला तयार.

इंग्रजांच्या निघतात. तारीख 10 मे 1940, देश तटस्थ, सैन्य नावालाही नाही. खाली वाकलात ना? ही सवय गेममधली. तिथे किनाऱ्याला बोट लागली की मशीनगन धडधडायलाच हवी, पडद्याचा कोपरा लाल व्हायलाच हवा. इथे ब्रिटिश वाणिज्यदूत स्थानिक पोलिसाला विचारतात, गर्दी जरा मागे घ्याल का, आमच्या माणसांना उतरायचंय. पोलीस म्हणतो, अवश्य. आणि तुम्ही चक्क मागे सरकता!

उतरतात 746 मरीन. त्यातल्या कितीतरी जणांना बोट लागलीय. चेहरे हिरवट, ओल्या लोकरीला ओकारीची आंबूस घाण. बरीचशी पोरं नुकती भरती झालेली, शिक्षण अर्धवट. गर्दीतला एक जण एकाच्या हातून रायफल हिसकावतो, नळीत सिगरेट खुपसतो आणि परत देतो: सांभाळून रे! तुम्हाला हसू आवरत नाही. तिकडे जर्मन वाणिज्यदूताच्या घरी आंघोळीच्या टबात कागद जळतायत.

‘हार्ट्स ऑफ आयर्न’सारख्या गेममध्ये एवढ्यात नकाशावरच्या बेटाचा रंग बदलून झाला असता. इथे तो बदलतो चिखलातून. काही महिने पुढे या आणि फावडं उचला. वात्न्समिरीच्या दलदलीत इंग्रजांना विमानतळ हवाय. मंदीत रिकामे बसलेले हात आता रोजंदारीवर आहेत, मजुरी रोख. भोवती अर्धगोल पत्र्याच्या निसेन बराकी उगवतायत, पाऊस पडला की आत बसलेल्याचं डोकं उठावं अशा. (याच वात्न्समिरीत पुढे ‘ईव्ह ऑनलाइन’ हा अंतराळयुद्धांचा गेम करणाऱ्या कंपनीचं ऑफिस येणार आहे. पण तुम्हाला त्याचं काय? तुमच्या बुटात पाणी शिरलंय.)

घरी या. स्वयंपाकघरात वाफ कोंडलीय, घामानं पाठ चिकटलीय, चुलीवरच्या हंड्यात सैनिकांचे कपडे रटरटतायत. धुणं घ्यायचं, क्रोना मोजून घ्यायचे, असा अनेक घरांनी धंदाच मांडलाय. मघाशी शेजारीण बजावून गेली, पोरीला त्या परक्या पोरांबरोबर नाचायला पाठवू नका. स्वतःच्या पोरीचं मात्र काही बोलली नाही.

दारावर थाप. एक गुबगुबीत चेहऱ्याचा सैनिक गठ्ठा उलगडून मोजे मोजतोय. म्हणतो, एक मोजा कमी आहे. काल तुम्ही स्वतः मोजून ठेवले होते. आवाज चढवा.