ॲरिस्टॉटलच्या जागीं शंकराचार्य

फादर स्टीफन्स ह्यांचें 'क्रिस्तपुराण' १६१६ सालीं गोमंतकांत छापून निघालें, ही गोष्ट मराठी वाचकांस नवी नाहीं. एका इंग्रज पाद्र्यानें आपली ओवी उचलून येशूची कथा गाइली, ह्याचें कौतुक आम्ही नेहमींच करितों. परंतु ह्या कौतुकांत एक भेद हरवतो. परक्याची भाषा उसनी घेणें निराळें, आणि परक्याचें तत्त्वज्ञान उसनें घेणें निराळें. तत्त्वज्ञान बदललें कीं सांगावयाचें तें तेंच राहिलें कीं नाहीं, असा प्रश्न उभा राहतो. हा दुसरा, अधिक अवघड प्रयत्न स्टीफन्सनंतर पावणेतीनशें वर्षांनीं एका बंगाली ब्राह्मणानें केला.

भवानीचरण बंदोपाध्याय ह्यांचा जन्म १८६१ सालचा. केशवचंद्र सेनांच्या प्रभावानें ते ब्राह्मसमाजांत आले, शिक्षक म्हणून सिंधेंत गेले, व तेथें १८९१ मध्यें प्रथम प्रॉटेस्टंट पाद्र्याकडून बाप्तिस्मा घेऊन त्याच वर्षीं कॅथलिक झाले. १८९४ सालीं त्यांनीं भगवीं वस्त्रें धारण केलीं, ब्रह्मबांधव उपाध्याय हें नांव घेतलें आणि कराचीहून 'सोफिया' हें इंग्रजी मासिक काढलें. जन्मानें व संस्कृतीनें आपण हिंदूच, श्रद्धेनें मात्र कॅथलिक, अशी त्यांची भूमिका होती.

ही भूमिका केवळ भावनेची नव्हती. १८७९ मध्यें पोप तेरावे लिओ ह्यांनीं 'एतेर्नी पात्रिस' ह्या परिपत्रकानें संत थॉमस ॲक्वायनस ह्यांच्या तत्त्वज्ञानाचें पुनरुज्जीवन आरंभिलें होतें. उपाध्यायांनीं थॉमस वाचले आणि त्यांस जें दिसलें तें साधें होतें: थॉमसनीं ज्याच्या आधारें ख्रिस्ती सिद्धांत मांडले तो ॲरिस्टॉटल कोठें ख्रिस्ती होता? तो तर अरबी भाष्यकारांच्या संगतीनें पॅरिसला पोंचलेला परका. १२१० सालीं तेथें त्याचे निसर्गविषयक ग्रंथ शिकविण्यास बंदी झाली. १२५५ मध्यें तेच ग्रंथ विद्यापीठाच्या अभ्यासक्रमांत आले. १२७७ सालीं पॅरिसच्या बिशपानें २१९ मतें निषिद्ध ठरविलीं, त्यांत कांहीं थॉमसच्या मतांना भिडणारीं होतीं. आणि १३२३ मध्यें तेच थॉमस संतपदास चढले. मग ग्रीकाला जो मान मिळाला तो शंकराचार्यांस कां मिळूं नये?

युक्तिवादाचें मर्म मायेच्या अर्थांत आहे. थॉमसच्या मतें ईश्वर म्हणजे स्वयंसिद्ध अस्तित्व. इतर कोणत्याहि वस्तूच्या ठायीं ती 'काय आहे' आणि ती 'आहे' ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. घोडा म्हणजे काय हें कितीहि नीट सांगितलें तरी घोडा आहे असें त्यावरून ठरत नाहीं; त्याचें असणें त्यास दुसऱ्याकडून मिळालेलें असतें. उपाध्याय म्हणूं लागले कीं, माया ती हीच. जग भ्रम नव्हे. त्यास स्वतःचें अस्तित्व नाहीं इतकेंच. गंमत अशी कीं, प्रारंभीं ह्याच गृहस्थांनीं 'सोफिया'मधून अद्वैताचें खंडन केलें होतें! १८९८ मध्यें त्यांनीं सच्चिदानंदरूपानें पिता, पुत्र व पवित्र आत्मा ह्यांस वंदन करणारें संस्कृत स्तोत्र रचिलें.

हा मेळ आम्हांस पूर्ण पटत नाहीं. शांकरमतीं ज्ञान झालें कीं माया सरते. थॉमसची सृष्टि ईश्वरदर्शनानंतरहि उरते आणि दर्शन घेणारा दर्शन घेणाराच राहतो. शिवाय मायावाद हा आमच्या घरचाहि शेवटचा शब्द नव्हे. 'अमृतानुभवा'त ज्ञानेश्वरांनीं अज्ञानाचें केवढें खंडन केलें आहे! उपाध्यायांचा दुसरा दोष अधिक गंभीर. वर्णव्यवस्था हा केवळ समाजाचा आचार मानून त्यांनीं ती उचलून धरली. सतराव्या शतकांत मदुरेस रोबेर्तो द नोबिली ह्यांनीं हीच वाट धरली होती. ज्याच्या माथीं तो आचार बसला, त्यास ह्या दोघांनींहि विचारलें नाहीं.

तथापि चर्चच्या अधिकाऱ्यांनीं आक्षेप घेतले ते असे वादांत उतरून नव्हे. १८९९ मध्यें उपाध्यायांनीं जबलपुराजवळ नर्मदेकांठीं कॅथलिक संन्याशांचा मठ काढला; नागपूरच्या बिशपांनीं प्रथम अनुकूलता दाखविली, परंतु पोपचे प्रतिनिधि झालेस्की ह्यांच्या विरोधापुढें मठ टिकला नाहीं. १९०१ सालीं त्यांचें 'ट्वेंटिएथ सेंचुरी' हें मासिक वाचण्याचीहि कॅथलिकांस मनाई झाली. ॲरिस्टॉटलसाठीं पॅरिसांत पिढ्यान् पिढ्या वाद झाले. शंकराचार्यांच्या वाट्यास एक दशकहि आलें नाहीं.

पुढें उपाध्याय राजकारणांत ओढले गेले. १९०४ मध्यें त्यांनीं 'संध्या' हें बंगाली दैनिक काढलें, १९०७ मध्यें त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला, आणि तो चालू असतांच, २७ ऑक्टोबर १९०७ रोजीं, कलकत्त्याच्या इस्पितळांत शस्त्रक्रियेनंतर धनुर्वातानें ते वारले. त्यांचा देह हिंदु रीतीनें दहन करण्यांत आला. १९५० सालीं कावेरीकांठीं दोन फ्रेंच धर्मगुरूंनीं आश्रम स्थापिला, त्यास त्यांनीं नांव दिलें 'सच्चिदानंद'; आणि १९६५ मध्यें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें इतर धर्मांतील सत्य व पवित्र अंश चर्च नाकारीत नाहीं, असें जाहीर केलें. मायेचा अर्थ मात्र त्या परिषदेपुढें आलाच नाहीं.